थंडीत दुसरा गिअर अडतो, घाटात क्लच दगा देतो: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची सहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा) क्लच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडी काढली की पहिल्यावरून दुसरा टाकताना लिव्हर अडतो, कधी थोडं खरडल्यासारखं वाटतं. सात-आठ किलोमीटर गेल्यावर त्रास गायब. मे महिन्यात मात्र उलट. मुंबईहून परत येताना कसारा घाटात गाड्यांची रांग लागली की क्लच पेडल खालीच लागतं आणि पहिला नि रिव्हर्स पडत नाही. मेकॅनिक म्हणतो सिंक्रो (गिअर बदलताना आतल्या भागांची गती जुळवणाऱ्या रिंगा) गेले, गिअरबॉक्स उतरवू. उतरवू का?

इतक्यात उतरवू नका. दोन्ही त्रास एकाच गाडीत असले तरी त्यांचं कारण एक नाही. थंडीतला त्रास गिअरबॉक्सच्या तेलाचा आहे आणि बराचसा स्वाभाविक आहे. घाटातला त्रास बहुधा क्लचच्या हायड्रॉलिकचा आहे आणि तो मात्र खरा बिघाड आहे. दोन्ही मिळून 'गिअर नीट पडत नाहीत' एवढंच मेकॅनिकला सांगितलं, तर तो सिंक्रोवर बोट ठेवणार हे साहजिक आहे. म्हणून गाडी दाखवताना त्रास गार असताना होतो की गरम झाल्यावर, हे आधी सांगायचं. गार असताना असतो आणि गरम झाल्यावर जातो, तर आधी तेलाकडे बघावं. गार असताना नसतो आणि गरम झाल्यावर येतो, तर तो शोधून काढलाच पाहिजे.

आधी थंडीचं बघू. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा इंजिनच्या कूलंटचा असतो. पाच-सात मिनिटांत तो मधोमध येतो आणि आपण समजतो गाडी गरम झाली. गिअरबॉक्सला काटा नसतो, आणि त्याच्या आत काही जळतही नाही. त्याचं तेल तापतं ते दातांच्या घर्षणाने, घुसळण्याने आणि शेजारच्या इंजिनमधून झिरपणाऱ्या उष्णतेने. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक गाड्यांत तेल उडवण्याचं मोठं काम डिफरन्शियलची (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाची) मोठी क्राउन गिअर करते, आणि ती चाकं फिरली तरच फिरते. म्हणजे सकाळी सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं गाडी चालू ठेवली तर पेट्रोल जळतं, इंजिन तापतं, गिअरबॉक्स मात्र जवळपास गारच राहतो. तो तापायला गाडी चालावी लागते, आणि थंडीत पंधरा-वीस किलोमीटरही लागू शकतात. तुमचा त्रास सात-आठ किलोमीटरमध्ये जातो, हे चांगलं लक्षण आहे.

तापमानाने तेलात किती फरक पडतो याचा बहुतेकांना अंदाज नसतो. साधं खनिज 80डब्ल्यू-90 तेल घ्या. 100 अंशांना त्याचा दाटपणा साधारण 14-15 सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असतो, 40 अंशांना 140च्या आसपास, 25 अंशांना साडेतीनशेच्या घरात आणि 10 अंशांना हजाराच्या वर. नाशिकला थंडीत पहाटे 10 अंश म्हणजे काही विशेष नाही. शेजारच्या निफाडला तर पारा पाचच्याही खाली उतरतो. म्हणजे सकाळी सहाला तुमचे गिअर ज्या तेलात फिरतात, ते चांगल्या तापलेल्या गिअरबॉक्समधल्या तेलाच्या कित्येक पट दाट असतं. इतक्या फरकाने हाताला काहीच वेगळं लागलं नसतं, तर मला नवल वाटलं असतं.

आता हे तेल नेमकं कुठे आडवं येतं ते बघा. गिअर बदलताना लिव्हर थेट दात जुळवत नाही. आधी सिंक्रो रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, घर्षणाने दोघांची गती एक होते आणि मगच स्लीव्ह, म्हणजे गिअर शाफ्टला जोडणारी सरकती कडी, पुढे सरकते. बहुतेक गाड्यांत ही रिंग पितळेची असते. तिच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. रिंग दाबली गेली की त्या आट्यांनी तेलाचा पापुद्रा कापून बाजूला सारायचा आणि धातूला धातूची पकड द्यायची, हे त्यांचं काम. तेल दाट असेल तर पापुद्रा बाजूला व्हायला जास्त वेळ लागतो. तोवर रिंग नुसती घसरत राहते, गती जुळत नाही आणि रिंगचे दात स्लीव्हला अडवून धरतात. लिव्हरवर 'अडलं' असं वाटतं ते हेच. यात काही मोडत नाही, सिंक्रो आपलं काम करत असतो. पण त्या क्षणी तुम्ही जोर लावून लिव्हर आत ढकललात तर गती जुळायच्या आधीच दात दातांवर जातात. तेच खरडणं. थंडीतलं अडणं मी मनावर घेत नाही, खरडणं घेतो. तुम्ही 'कधी थोडं' म्हणता आहात तोवर ठीक आहे. पण रोज सकाळी खरडत असेल तर रिंग झिजतेय, आणि बऱ्याचदा ती आपल्याच घाईने झिजते.

नेहमी दुसराच का अडतो? कारण पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गतीतला फरक सर्वांत मोठा असतो. छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्याचं गुणोत्तर साधारण साडेतीन आणि दुसऱ्याचं 1.9 धरा. पहिल्यात 3000 आरपीएमला गिअर बदललात तर सिंक्रोला ते फिरणं 1650च्या आसपास खाली आणावं लागतं, म्हणजे साडेतेराशे आरपीएमचा फरक. चौथ्यावरून पाचव्यावर जाताना हाच फरक त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी असतो. त्यामुळे तेल गार असताना सगळ्यात आधी दुसरा बोलतो, आणि सिंक्रो खरंच झिजले तरी बहुधा आधी दुसऱ्याचेच झिजतात. दोन्हीची सुरुवात एकाच गिअरपासून होते म्हणूनच त्यांची गल्लत होते.

थंड तेल वर जाताना आणि खाली येताना सारखं वागत नाही. वरचा गिअर टाकताना इनपुट शाफ्टची, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये ताकद आणणाऱ्या दांड्याची, गती कमी व्हायला हवी असते, आणि दाट तेल तिला स्वतःच थोपवत असतं. म्हणून गार गाडीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबलं तर गिअर सहज पडतो. फार वेळ थांबलात तर मात्र गती गरजेपेक्षा खाली जाते आणि पुन्हा अडतं. खाली येताना, समजा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, इनपुट शाफ्टला वेग द्यायचा असतो आणि तेच तेल विरोध करतं. म्हणून पहिल्या चार-पाच किलोमीटरमध्ये खालचा गिअर घाईने ओढू नका. ब्रेकने गाडी हळू करा, मग टाका. जमत असेल तर डबल क्लच मारा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित अ‍ॅक्सिलरेटर, परत क्लच दाबून दुसरा. जुन्या ट्रकच्या चालकांना हे रोजचंच होतं, कारण त्या गिअरबॉक्सना सिंक्रोच नव्हते. आजच्या गाडीत त्याची सक्ती नाही, पण गार गिअरबॉक्समध्ये त्याने रिंगचं आयुष्य नक्की वाढतं.

पहिला-दुसरा 2000 आरपीएमच्या आसपास बदला. लिव्हर मुठीत आवळून ढकलू नका. तळहाताने दुसऱ्याच्या दिशेला हलका दाब धरून ठेवा, गती जुळली की तो आपसूक आत जातो. दोन दिवसांत हाताला सवय होते.

आता तेल कोणतं आहे ते तपासा. आपल्याकडे अनेक गॅरेजमध्ये एकच ड्रम असतो, त्यातलं 'नव्वद नंबर' तेल मारुतीपासून बोलेरोपर्यंत सगळ्यांत जातं. तुमच्या मॅन्युअलमध्ये 75डब्ल्यू-80 किंवा 75डब्ल्यू-85 लिहिलं असेल आणि आत 80डब्ल्यू-90 असेल, तर थंडीतला अर्धाअधिक त्रास तिथेच सापडेल. 10 अंशांना 75डब्ल्यू-80 तेल त्या नव्वद नंबरच्या चौथाईच्या आसपासच दाट असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा ज्या तापमानांवरून ठरतो ती आपल्याकडे कधी येत नाहीत. 75डब्ल्यूची परीक्षा उणे 40 अंशांना होते, 80डब्ल्यूची उणे 26ला. तरी त्या दोन तेलांतला फरक नाशिकच्या सकाळीही हाताला कळतो. याचा अर्थ मॅन्युअलपेक्षा पातळ तेल घालून मजा बघावी असा नाही. उन्हाळ्यात तेच तेल तापलेल्या बेअरिंगवर पापुद्रा धरून राहायला हवं.

दाटपणापेक्षाही मला काळजी वाटते ती जीएल-4 आणि जीएल-5 या गिअर ऑइलच्या दोन प्रतींच्या सरमिसळीची. जीएल-5 बनतं ते हायपॉइड (दात एकमेकांवर घसरत फिरतात अशा) डिफरन्शियलसाठी. स्कॉर्पिओ, बोलेरोसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांच्या मागच्या धुऱ्यात दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात, म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं भरपूर असतात. त्या जागी ते उत्तम. पण तेच तेल पितळी सिंक्रोच्या गिअरबॉक्समध्ये घातलं तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, तेल इतकं निसरडं असतं की रिंगला पकड मिळायला वेळ लागतो. दोन, काही तेलांतलं गंधक तापल्यावर पितळाला खातं. मॅन्युअलमध्ये जीएल-4 लिहिलं असेल तर जीएल-4च घाला, दुकानदार 'पाच हे चारपेक्षा भारी' म्हणाला तरी.

तेल बदलायला गाडी वीसेक किलोमीटर चालवून न्या. गरम तेल पूर्ण उतरतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. मेकॅनिकला आधी भरायचा नट सोडायला सांगा, मग खालचा. भरायचा नट आतून गंजून बसला असेल आणि खालून तेल आधीच सोडून दिलं, तर गाडी जॅकवर रिकामी उभी राहते. मग उतरलेलं तेल पांढऱ्या डब्यात घेऊन उन्हात धरा. खालच्या नटाच्या चुंबकावर करडी, बोटाला मऊ लागणारी पेस्ट असेल तर चालतं, सहा वर्षांत एवढी झीज होतेच. तेलात सोनेरी चकाकी तरंगताना दिसली तर ती पितळ आहे, म्हणजे सिंक्रो रिंग झिजतेय. चुंबकावर खपल्या किंवा दाताचा तुकडा असेल तर पुढचं बोलणं वेगळं. तेल किती निघालं तेही मोजा. अनेक छोट्या गाड्यांत जेमतेम दोन लिटरच्या आसपास तेल असतं, आणि एक्सलच्या सीलमधून झिरपून त्यातलं अर्धा लिटर गेलं तरी बाहेर डाग सोडून काही दिसत नाही. गिअरबॉक्स न उतरवता त्याच्या आतलं इतकं सांगणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

आता घाट. इथे गिअरबॉक्सपेक्षा क्लच महत्त्वाचा. कसाऱ्याला मुंबईहून येताना चढ आहे, आणि रांगेत गाडी इंच-इंच पुढे सरकवताना बरेच जण ब्रेकऐवजी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवतात. याचा हिशेब करून बघा. 1200 किलोची गाडी, बारास एक चढ. तिला नुसती धरून ठेवायला चाकाशी शंभर किलो वजनाइतका जोर लागतो. पहिल्या गिअरचं आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर मिळून चौदाच्या आसपास धरलं, तर क्लचवर साधारण 20 न्यूटन-मीटर येतात. इंजिन 1500 आरपीएमला फिरतंय, गाडी जागेवर आहे, म्हणजे ही सगळी ताकद क्लच प्लेटवर घासून उष्णता होते. तिचा आकडा येतो तीन किलोवॉटच्या वर. हजार वॉटच्या तीन इस्त्र्या त्या बंद पेटीत चालू ठेवल्यासारखं आहे. क्लच प्लेटला दोन्ही बाजूंनी धरणारे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून दहाएक किलो लोखंड असेल तर एका मिनिटात ते सगळं चाळीसेक अंशांनी तापतं. प्लेट घासते त्या पृष्ठभागाचं तापमान त्याहून खूप वर जातं. असं पंधरा मिनिटं चाललं की जळका वास येतोच.

ती उष्णता पुढे दोन वाटांनी त्रास देते. एक, प्लेटच्या अस्तराची पकड ठरावीक तापमानानंतर कमी होते आणि क्लच घसरतो: आरपीएम चढतात, गाडी ओढत नाही. दोन, उष्णता क्लचच्या तेलापर्यंत पोचते. तुमची लक्षणं दुसऱ्या प्रकारची आहेत. पेडल खाली लागणं, पहिला आणि रिव्हर्स न पडणं, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही आणि प्लेट थोडी फिरतच राहते.

हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेकचंच तेल असतं, पुष्कळ गाड्यांत डबीही ब्रेकसोबत एकच असते. हे तेल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. कोऱ्या डॉट 3 प्रतीच्या ब्रेक तेलाला उकळायला किमान 205 अंश लागतात, 3.7 टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा 140वर येते. डॉट 4ची हीच मर्यादा 230वरून 155वर उतरते. सर्व्हिसिंगमध्ये कोणी ब्रेकचं तेल बदललं तरी क्लचची लाइन बहुतेक वेळा तशीच राहते. सहा वर्षं जुनं, काळं पडलेलं तेल, गिअरबॉक्सला चिकटून बसलेला स्लेव्ह सिलेंडर (पेडलकडच्या मास्टर सिलेंडरमधून आलेल्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा), मे महिन्याची दुपार आणि खाली त्या तीन इस्त्र्या. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडलचा अर्धा दाब ते बुडबुडे दाबण्यातच जातो, क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगपर्यंत पुरेसा पोचतच नाही. तासाभराने गार झालं की बुडबुडे विरतात आणि गॅरेजमध्ये गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. म्हणून मेकॅनिकला काही सापडत नाही आणि तो सिंक्रोकडे वळतो.

पुढच्या वेळी असं झालं की तिथल्या तिथे पेडल दोन-तीनदा भराभर मारा. पेडल वर आलं आणि गिअर पडला, तर दोष हायड्रॉलिकचा: वाफ, हवा किंवा सील. सपाटीवर, समोर मोकळी जागा असताना, आणखी एक तपासणी करता येते. गाडी गरम असताना क्लच पूर्ण दाबून पहिला टाका, दुसरा पाय ब्रेकच्या वर तयार ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल दाबलेलंच असताना गाडी हळूहळू पुढे सरकायला लागली तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलेंडरचं सील दाब सोडतंय. गरम झाल्यावर रबर मऊ पडतं आणि तेल पातळ होतं, म्हणून गार असताना हे दिसत नाही. याउलट इंजिन बंद करून सगळे गिअर सहज पडत असतील आणि चालू केल्यावरच पडत नसतील, तर लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचे जोड) ठीक आहे आणि पुन्हा संशय क्लचवरच येतो.

रिव्हर्सबद्दल एक बारकावा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. गार असताना दाट तेल इनपुट शाफ्टला लगेच थांबवतं आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. गरम असताना तेल पातळ, शाफ्ट फिरत राहतो आणि कर्रर्र होतं. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबून टाका. थांबूनही गरमीत खरडत असेल तर क्लच सुटत नाही हे नक्की.

तापमानाच्या आणखी काही गोष्टी लोक आजार समजून आणतात. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये न्यूट्रलला हलकी खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते. तेल पातळ झाल्यामुळे रिकाम्या फिरणाऱ्या गिअरचे दात वाजतात. सूक्ष्म घूं-घूं असेल आणि ती महिन्यागणिक वाढत असेल तर ते बेअरिंग, नुसती खडखड म्हणजे बेअरिंग नव्हे. कोकणात पावसाळ्यात रात्रभर उभी गाडी सकाळी सुटताना थरथरते, कारण फ्लायव्हीलवर ओलीने गंजाचा पातळ थर येतो. चार-पाच वेळा सुटली की तो घासून जातो. थंडीत इंजिनचा आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबतानाचा वेग) वर असतो आणि इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटचं रबर कडक झालेलं असतं, म्हणून क्लच सोडताना गाडी थोडी झटका देते. केबल क्लचच्या गाडीत थंडीत पेडल जड लागतं ते बहुधा केबलमधल्या वाळलेल्या ग्रीसमुळे. बेअरिंगची वाढती घूं-घूं सोडली तर यातल्या कशासाठीही गिअरबॉक्स खोलू नये.

मग गिअरबॉक्स उतरवायचा कधी? गाडी पूर्ण तापलेली असताना, योग्य तेल आणि नीट सुटणारा क्लच असूनही दुसरा खरडत असेल. किंवा चालत्या गाडीत गिअर स्वतःहून बाहेर येत असेल. किंवा उतरलेल्या तेलात पितळ चमकत असेल. तेव्हा खुशाल उतरवा. आणि उतरवलाच तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग त्याच वेळी बघून घ्या, मजुरी एकदाच लागते. जळका वास वारंवार आला असेल तर फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत का तेही बघा.

तोवर तुमच्या गाडीत क्लचचं तेल आधी बदला, मग गिअर ऑइल. क्लचच्या लाइनमधून स्वच्छ तेल येईपर्यंत सगळं जुनं बाहेर काढायला सांगा, डबीत वरून थोडं भरून भागवू देऊ नका. त्यानंतरही गरमीत पेडल खाली गेलं तर मास्टर आणि स्लेव्हची सील किंवा पूर्ण सिलेंडर. पुढे दर दोन वर्षांनी ब्रेकसोबत क्लचचंही तेल बदला. गॅरेजच्या कपाटातली अर्धी उघडी बाटली वापरू देऊ नका, ती महिनोन्महिने हवेतलं पाणी पीत बसलेली असते. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि तेल बॉनेटच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.